तळ्याच्या गावातली अव्वा

फोटो माझ्या ओळखीचा होता. त्याच्याखाली छापलेली ओळ ओळखीची नव्हती.

हुलसूरच्या बसस्टँडमागच्या भिंतीवर मी पत्रकं लावत होते. शाळेला शिक्षक द्या, एवढीच मागणी. अर्धं पत्रक मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, कारण आमच्याकडे एका भाषेत मागितलं की दुसऱ्या भाषेचा साहेब 'मला समजत नाही' म्हणून सुटतो. हात खळीनं बरबटलेले, तेवढ्यात फोन वाजला. गौरीनं काहीतरी पाठवलं होतं. गौरी माझ्या भावाची मुलगी. अमेरिकेत एका अफाट तळ्याच्या काठी एक शहर आहे, तिथं ती जन्मली, तिथंच कॉलेजात शिकते. आमच्या घरात त्या शहराला तळ्याचं गाव म्हणतात. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ मल्लिकार्जुन, त्या गावाला गेला, तिथं त्यानं घर केलं आणि तिथंच तो वारला. गौरी तेव्हा लहान होती.

तिनं पाठवलेल्या चित्रात एक भिंत होती, भिंतीवर चौकट, आणि चौकटीत आमचं शेत. येळवसेच्या सणादिवशीचं. मागं कडब्याची खोप. खोपीपुढं घोंगडीवर मांडी घालून बसलेली एक म्हातारी, अंगावर शाल, नजर कॅमेऱ्याच्याही पलीकडं. तिच्या मागं डोक्यावर मडकं घेऊन उभी असलेली बाई. पातळाचा ओचा खोवलेला, पाय अनवाणी, घोट्यापर्यंत काळी माती. आणि त्या बाईच्या पदराला धरून फ्रॉकमधली एक शेंबडी पोरगी.

पोरगी म्हणजे मी. खाली इंग्रजीत छापलं होतं, त्याचा अर्थ असा: 'बसलेली: मल्लिकार्जुनची आई. उभी: घरची मोलकरीण अव्वा आणि तिची मुलगी.'

अव्वा म्हणजे आमची आई. अण्णाला आणि मला जन्म दिलेली. या क्षणी बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर, घराच्या उंबऱ्यात बसून तूर निवडणारी.

मी भिंतीला टेकले. ओल्या पत्रकाची शाई माझ्या पाठीला लागली, हे नंतर कळलं. मला राग पटकन येतो, तो माझा धंदाच आहे. पण त्या वेळी राग आला नाही. कानात नुसता आवाज, उसाचा चरक रिकामा फिरावा तसा. फोटोखाली गौरीचा निरोप होता: 'आत्या, बाबांचा फोटो सापडला. आजी किती छान दिसतेय, अजून तश्शीच आहे. पण मला फार लाज वाटली. आपल्या घरी मोलकरीण होती आणि तिला साधी चप्पलसुद्धा नव्हती? ही अव्वा आता कुठे आहे? तिच्या घरच्यांना शोधून आपण माफी मागायला हवी.'

माफी. अव्वाच्या घरच्यांची.

हे असं कसं झालं ते कळायला आमच्या घरचे दोन शब्द माहीत असावे लागतात.

माझी आजी अफजलपूरकडची, भीमेच्या काठची, कन्नड बोलणारी. तिकडं जन्म देणारीला अव्वा म्हणतात आणि आजीला म्हणतात आई. तिनं घरात पाय ठेवल्यापासून तोच कायदा. नातवंड बोलायला लागलं की ती त्याचा हात स्वतःच्या छातीवर ठेवायची आणि म्हणायची, "ना आई." मग तोच हात उचलून चुलीकडं दाखवायची, "अकि अव्वा." मी आई, ती अव्वा. चुलीपाशी बसलेली ती बाई देवणीकडच्या मराठी गावातून आलेली. तिनं स्वतःच्या आईला जन्मभर आई म्हटलं. तिला मात्र तो शब्द कुणी दिला नाही. तिच्या लेकरांनी तो शब्द तिच्या सासूला दिला.

तिसरीत असताना गुरुजींनी निबंध घातला, 'माझी आई'. मी लिहिलं: 'माझ्या आईला दात नाहीत. माझी आई दिवसभर पान कुटते. माझी आई माझ्या अव्वाला ओरडते.' वर्ग हसून लोळला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुझ्या भावानंबी हेच लिवलं व्हतं गं. त्याच्या आईला तवा दोन दात व्हते."

म्हणून ओळ वाचून माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की चूक शब्दाची आहे. मराठी आई तिथं पोचली, आणि आमची आई वाटेत राहिली. पण दुसरा विचारही आला, आणि तो गेला नाही.

अण्णा पहिल्यांदा तळ्याच्या गावाला निघाला तेव्हा आम्ही त्याला सोडायला हैदराबादला गेलो होतो. विमानतळाच्या दारात त्याच्याबरोबर जाणारा एक कोटवाला मुलगा भेटला. अण्णा म्हणाला, "ही अव्वा." एवढंच. अव्वाच्या काखेत शेंगाच्या पोळ्यांचं गाठोडं होतं. त्या मुलानं मान हलवली आणि आपली बॅग तिच्या हातात दिली, चहा पिऊन येतो म्हणून. ती बॅग धरून उभी राहिली. अण्णा त्या मुलाबरोबर चहाला गेला. त्यानं ते पाहिलं होतं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. मी आठ वर्षांची होते, पण तो मुलगा परत येईपर्यंत मी त्या बॅगेकडं बघत होते.

आता भिंतीवर छापलेलं होतं. प्रश्न एकच होता. तिथल्या कुणी चूक केली, की अण्णानंच तसं सांगितलं?

घरी गेले. उंबऱ्यावर अव्वाच्या स्लिपर, आत ती.

"काय बघायलीस गं मगापासून त्या फोनात?"

"काय न्हाई."

"काय न्हाई कसं? तोंड बघ की. अन् पाठीवर काय लिवून आणलीस?"

माझ्या कुर्त्यावर 'शिक्षक द्या' उलटं उमटलं होतं. तिनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि हसली. "माज्याकडं मागून काय उपेग? मी काय मंत्री हाय व्हय?"

मी हसले. सांगितलं नाही. अण्णा गेल्यापासून ती त्याच्याबद्दल फार बोलत नाही, पण दर येळवसेला पहिला घास बाजूला काढते आणि तळ्याच्या गावाकडं तोंड करून ठेवते. पश्चिमेला, असं तिनं स्वतःच ठरवलंय. तिचा लेक तिला मोलकरीण म्हणाला असेल, तर ते तिला कळता कामा नये. आणि म्हणाला नसेल, तर ते तिथल्या भिंतीवरून पुसलं पाहिजे. दोन्हीत मला उशीर चालणार नव्हता.

त्या दिवशी मी पुन्हा पुन्हा फोटोकडं जात राहिले. ओळीवर बोट ठेवून झाकायची आणि वरचं बघायची.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुणी सापडत नाही, सगळं गाव शेतात जेवतं. आदल्या दिवसापासून घराला वास चढायचा. ताकात भिजलेल्या ज्वारीच्या पिठाचा आंबूस वास, त्यावर ठेचलेल्या लसणाचा. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे घाटे, वाल, पावटा, चाकवत, मेथी, चिंचेचा कोळ, सगळं एका पातेल्यात रटरटत भज्जी व्हायची. बाजरीचे उंडे वळताना अव्वाच्या बांगड्या मनगटाच्या वर सरकवलेल्या असायच्या आणि त्या जागी हाताला गोल खुणा उठायच्या. मला त्या खुणांना बोट लावायला आवडायचं.

सकाळी बिंदगी निघायची. बिंदगी म्हणजे अंबिलीचं मडकं, चुना आणि कावेनं रंगवलेलं. ती डोक्यावर घ्यायचा मान घरच्या सुनेचा. आई दारात उभी राहून दोन्ही हातांनी ती सुनेच्या डोक्यावर ठेवायची, आणि एवढ्या एका क्षणापुरती सासू सुनेपुढं वाकायची. मग अव्वा पुढं आणि बाकी सगळे मागं. आईसुद्धा मागं. बैलगाडीची चाकं, कुणाच्या तरी रेडिओवर कन्नड गाणं, शेजारच्या पाटलांच्या पोरांची हिंदीतली भांडणं, "नक्को बोला ना मैं", आणि या सगळ्यांच्या पुढं रस्त्यावर न बोलता चालणारी ती. बिंदगी डोक्यावर असेपर्यंत बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. मी तिच्या पदराचं टोक धरून असायची. पदर ओला झालेला मला आठवत नाही. तिच्या डोक्यावरची अंबील कधी सांडली नाही.

शेतात हरभऱ्याच्या पानांवर आंब धरलेली असायची, बोट फिरवून चाटलं की जीभ खारट. ज्वारी पोटरीत आलेली. खोपीत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. अंबील शिंपडत खोपीला फेरे घालायचे आणि ओरडायचं, इतकं ओरडायचं की शेजारच्या शेतातून उत्तर यावं. मग तिथून पुढच्या शेतात, तिथून पुढं. मला वाटायचं, आमचं ओरडणं असं शेतांवरून उड्या मारत पार सोलापूरला जातं.

फोटो काढला तो अण्णाची इथली शेवटची येळवस. कॅमेरा त्यानं भालकीच्या एका फोटोवाल्याकडून मागून आणला होता. पण त्या दिवशी अण्णा रुसलेला होता. कशावरून, मला माहीत नव्हतं. सकाळी घरातून निघतानाच तोंड फुगवलेलं. शेतात पोचल्यावर म्हणाला, मी जेवायला येणार नाही. आई म्हणाली, "बिडू, बरतान," सोड त्याला, येईल. अव्वा बिंदगी उतरवायच्या बेतात होती, तर तो म्हणाला, "थांब. तशीच थांब." आणि कितीतरी वेळ त्या कॅमेऱ्याशी खटपट करत राहिला. फोटो निघाला. मग तो जेवला.

संध्याकाळी कडब्याचा टेंभा पेटवून पोरं शेताला वळसा घालून पळाली. जळत्या कडब्याचा गोड धूर अण्णाच्या स्वेटरला राहिला होता. तो स्वेटर घालून तो गेला.

ते शेत आता आमचं नाही. परवा एका मोर्चाच्या तयारीला त्या बाजूला गेले होते. तिथं अजूनही चुना लावलेले दगड आहेत. प्लॉटच्या खुणा. मी त्यांच्यातले पाच मोजले आणि तिथून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीचा फोन आला. तिच्याकडे संध्याकाळ होती. मी फोन घेऊन गल्लीच्या टोकाच्या वडाखाली गेले, अव्वाच्या कानाबाहेर.

"आत्या, तू चिडलीयेस का? निरोपाला उत्तरच नाही."

"आधी सांग, हे तुला सापडलं कुठं?"

तिनं सांगितलं. त्यांच्या कॉलेजात घराचा इतिहास शोधायचं काम दिलं होतं. ज्या घरात ती वाढली त्यात आधी कोण राहत होतं, त्यांच्याआधी कोण. त्या मोहल्ल्याचा इतिहास जपणारी एक छोटी मंडळी आहे, एका बंद पडलेल्या बेकरीत त्यांचं बस्तान. भट्टी अजून तशीच आहे म्हणे, पावसाळी दिवशी भिंतींतून पावाचा वास येतो. लोखंडाच्या कारखान्यात काम करायला आलेली माणसं त्यांच्या घरात पूर्वी राहिलेली. ती त्या माणसांची नावं शोधत भिंतीभिंतीनं पुढं सरकत होती आणि अचानक समोर तिचा बाप.

"मी तिथेच खाली बसले, आत्या. मी दुसऱ्यांचे आजोबा शोधत होते."

 तिचा धक्काही काही लहान नव्हता.

"बाबांनी त्यांना फोटो दिला होता. आणि त्यांच्याशी बोलले होते, त्याचं रेकॉर्डिंग आहे. ओळ त्यांनी बाबा गेल्यावर लावली. तिथं मदतीला एक मराठी काका येतात, त्यांनी समजावून सांगितलं."

"पुण्याचे का?"

"नाही, नाशिकचे."

"तेच ते."

"का गं? त्यांना विचारलं, आई म्हणजे कोण, ते म्हणाले मदर. बरोबरच सांगितलं ना?"

"बरोबर सांगितलं. हुलसूर सोडून."

मग मी तिला ते दोन शब्द सांगितले. आमची आई कोण आणि आमची अव्वा कोण.  

"आत्या," ती म्हणाली, अगदी हळू. "बाबा गाडीतून इंडियाला फोन लावायचे ना, तेव्हा पहिल्यांदा अव्वा म्हणायचे. मला वाटायचं, तुमच्याकडे हॅलोला अव्वा म्हणतात."

मी वडाच्या पारावर बसले.

"म्हणजे ती मडकंवाली आजी आहे? माझी आजी?"

"व्हय."

"आणि पदर धरलेली ती मोलकरणीची मुलगी..."

"ती तुझ्याशी बोलायलीय."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मग जे विचारायला घाबरत होते ते विचारलं. "गौरी, मोलकरीण हा शब्द कुणाचा? नाशिकवाल्याचा, की अण्णाचा?"

"मला माहीत नाही. मी ते पूर्ण ऐकलेलं नाही. बाबांचा आवाज आला आणि मला पुढे ऐकवेना."

"पाठव मला."

तिनं पाठवलं. मी तिथंच, वडाखाली, फोन कानाला दाबून ऐकलं. एक शेळी माझ्या झोळीतलं पत्रक ओढून खात होती, मी तिला खाऊ दिलं.

अण्णाचं इंग्रजी बिदरच्या कॉलेजातलंच राहिलं होतं. आवाज जरा जाड झालेला. एक बाई विचारत होती, तो सांगत होता. फोटोत कोण आहे? 'ही अव्वा.' ती काय करायची? 'सगळं. अव्वा सगळ्यांच्या आधी उठायची. पाणी भरायची, झाडायची, ज्वारी दळून आणायची. सगळ्यांचं झालं की चुलीपाशी बसून जेवायची. आई सांगायची आणि अव्वा करायची.' आणि ही बसलेली? 'आई. घर तिच्या हातात होतं.'

मोलकरीण हा शब्द त्यानं उच्चारलेला नव्हता. कुठंही नाही. मी पुन्हा मागं जाऊन ऐकलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि त्याच जागी दुसरा बसला. कारण त्यानं सांगितलेल्यात खोटं काही नव्हतं. त्या बेकरीतल्या माणसांना आमच्या घराबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त ऐकलं, की एक बाई सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या नंतर जेवते, आणि जगात अशा बाईला जे म्हणतात ते त्यांनी लिहिलं. 'घरकाम हेही काम आहे' असं मी पत्रकात छापलंय, ठळक टाइपात. त्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती अव्वानं पिठाच्या डब्यात तळाला घातल्यात.

शेवटी ती बाई म्हणाली, फोटो जरा हातात धरून बघा, अजून काही आठवतंय का.  खुर्ची करकरली. आणि अण्णा बोलला, इंग्रजीत नाही, त्या बाईशी नाही. सोबतच्या टाइप केलेल्या कागदात त्या जागी 'अस्पष्ट' असं लिहिलंय. नाशिकच्या काकांनाही ते लागलं नसणार. मला लख्ख ऐकू आलं.

"अव्वा, उतरव की गं आता. मान दुखत आसंल."

मी घरी गेले. अव्वा उंबऱ्यातच होती, तूर संपली होती आणि आता सुपात हुलगे होते. मी तिच्यापुढं बसले.

"कामून रडायलीस?"

मी सगळं सांगितलं. बेकरी, भिंत, फोटो, ओळ, गौरीचा निरोप. तिला फोटो दाखवला, तिनं फोन लांब धरून बघितला. मोलकरीण म्हटल्यावर ती दचकेल, म्हणून मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, कारण हुलगे सांडत होते.

"कामवालीच की," ती म्हणाली. "पगार तेवढा न्हवता."

"अव्वा."

"अगं, म्हणू दी की. लोकाला काय म्हाईत." सूप पुढं मागं झालं. मग, माझ्याकडं न बघता, "त्यानं तसं सांगितलं व्हय?"

म्हणजे तिलाही तोच प्रश्न होता. विमानतळाच्या दारात बॅग धरून उभी होती तेव्हापासून असेल.

"न्हाई. तुजं काम काय ते सांगितलं, अन् नुसतं अव्वा म्हटलंय. ऐक."

मी फक्त शेवटचा तुकडा लावला. इंग्रजी तिच्या कामाचं नव्हतं. खुर्ची करकरली. अण्णा बोलला.

अव्वानं सूप खाली ठेवलं. आवाज थांबला तरी ती फोनकडं बघत होती. मग फोनकडं जरा वाकली आणि त्याला म्हणाली, "न्हवती दुखत रं."

गल्लीतून भाजीवाला गेला. कुणीतरी त्याच्याशी कन्नडमध्ये घासाघीस करत होतं. अव्वानं पुन्हा लाव म्हटलं नाही. तिनं सूप उचललं, एक खडा वेचून अंगणात टाकला.

मी फोनवर गौरीला घेतलं. ती म्हणाली, बेकरीतल्या लोकांना तिनं सांगितलंय, ते हळहळले, ओळ बदलायला तयार आहेत, आपण सांगू तेच लावतील. मी तिथल्या तिथं मजकूर सांगायला लागले. सीमाभागातल्या कष्टकरी स्त्रीचे अदृश्य श्रम, दोन भाषांच्या कात्रीत हरवलेलं मातृत्व...

"काय सांगायलीस त्या लेकराला?" अव्वा म्हणाली.

"ओळ."

"तुज्या ओळीला भिंत पुरायची न्हाई."

पलीकडं गौरी हसली. "आजी, तू सांग ना मग. तुला आई असं लिहू का? मराठीत?"

"नगं गं. आई म्हटलं की मला माजी आई दिसतीया. त्यानं अव्वा म्हटलंय, तेच राहू दी."

"नाव तरी येऊ दे," मी म्हणाले. "नाव आलंच पाहिजे. ते मी सोडणार नाही."

"टाक की, महानंदा. कुणी हाक मारत न्हाई, भिंतीवर तरी राहील." सूप पुन्हा हललं. "अन् ते आदीचं सगळं पुसणार का? माजं काम त्यानं सांगितलेलं?"

"तू म्हणशील तसं," गौरी म्हणाली.

"ते खरं हाय. राहू दी." मग तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा लांब धरून फोटो बघितला. कपाळाला आठी पडली. मला वाटलं, अण्णा आठवला. पण तिचं बोट फोटोच्या तळाशी होतं, पायांवर.

"गौरा, तू लिवलीस म्हणं, मला चप्पल न्हवती."

"मला तसं वाटलं, आजी. सॉरी."

"व्हती. त्यानंच आणली व्हती बिदरहून, त्याच येळवसेला. नवी करकरीत. वाटंला बाभळीचे काटे हायत, घाल म्हणला. अगं, डोक्यावर अंबील आसताना चप्पल घालत्यात व्हय कुणी? मी दाराआड ठेवली. तर रुसून बसला दिवसभर, जेवंना बी." तिनं फोन माझ्याकडं दिला. "ते लिव आदी."

आता त्या भिंतीवर नवी ओळ आहे. गौरीनं तिचाही फोटो पाठवलाय आणि तो मी बसस्टँडच्या त्याच भिंतीशी उभी राहून बघितला. माझी पत्रकं अर्धी उन्हानं विटली, अर्धी कुणीतरी फाडलीत. गौरीनं इंग्रजीत लिहिलंय, ते आपल्या भाषेत असं:

'बसलेली: आई, म्हणजे मल्लिकार्जुनची आजी. उभी: महानंदा, त्याची अव्वा, म्हणजे जन्म देणारी. पदर धरलेली: तिची मुलगी. पायात चप्पल नाही, कारण डोक्यावर अंबील आहे. चप्पल घरी आहे. मुलानं आणलेली.'